मधली पात

अनू, ये अशी, जवळ बस. कागदावरच बसायचं आहे, तरी नीट बस. कानातली ती बोंडं काढ आणि आधी माझी बोलणी खा. परवा तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोरीला आजीची आठवण आली. कसलं काय, तू बापाची वकिली करायला फोन केला होतास. "आत्याआजी, लावू दे ना बाबांना डाळिंब. ज्वारीत आता काय राहिलंय?" पुण्याच्या गार खोलीत बसून ज्वारीत काय राहिलंय ते तू मला सांगणार व्हय? तुझ्या बापाला मी काखेत घेऊन फिरवलाय. त्याला माझ्याशी बोलायला वकील लागत नाही. पण विचारलंस ते एका परीनं बरं केलंस. हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांवर आणि फौजेतनं आलेल्या पत्रांवर शिकले. तेव्हा चुका काढत बसायचं नाही.

फोन केलास त्याच दिवशी सांगोल्याच्या एसटीनं तुझ्या बापानं हुरडा धाडला होता. एका हातानं भांडायचं आणि दुसऱ्या हातानं खायला घालायचं, आपल्या घरातली ही जुनी खोड आहे. सोलापूरच्या स्टँडवरनं इथं शुक्रवार पेठेत येईपर्यंत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. हुरडा बांधलेल्या धुडक्याला अजून ऊब होती. रिक्षावाल्याला वास गेला. आरशातनं बघत म्हणाला, "अम्मा, हुरडा लाए क्या?" त्याला एक मूठ दिली. तो सिग्नलला थांबून एकेक दाणा खात बसला आणि मागची गाडी भोंगा वाजवत राहिली.

गोवरीचा धूर, कोवळ्या दाण्यातलं दूध आणि करपलेलं कणसाचं कूस, असा तो वास. आता हायवेला हुरड्याच्या पाट्या लागतात, शहरातली माणसं मोटारी घेऊन जातात, झोपाळ्यावर बसून फोटो काढतात. खुशाल काढू देत. मलाही हुरडा आवडतो, खोटं कशाला सांगू. पण दरवर्षी पहिली मूठ घशाखाली उतरायला मला जरा वेळ लागतो. सोपानाची तार आली तेव्हा माझ्या तोंडात हुरडाच होता.

सोपान म्हणजे माझा थोरला भाऊ. तुझ्या घरात देवळीच्या वर टोपीतला फोटो आहे ना, तो. बावीस वर्षांचा होता. मी तेव्हा अकरा वर्षांची, आणि तुझा आजोबा दत्तू आमच्यात धाकटा, नाक पुसायची अक्कल नसलेला. एकाहत्तरची लढाई झाली, त्यात पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावर फौज उतरवली होती. सोपान त्यात होता. तो किनाऱ्याला लागला नाही आणि मागेही आला नाही. जे हाती लागतं त्याला माती देता येते, अग्नी देता येतो. आमच्या हाती एक लोखंडी ट्रंक आली, आतमध्ये दोन सदरे आणि दाढीचं सामान.

आता पात म्हणजे काय ते सांगते, कारण तू ज्वारी ताटात पाहिलीस, रानात उभी पाहिलीस, पण काढली नाहीस. आपल्याकडची मालदांडी ज्वारी विळ्यानं कापत नाहीत. मुळासकट उपटतात. माणसं ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येक जण चार-पाच तास, म्हणजे पेऱ्याच्या ओळी, आपले म्हणून धरतो. ती त्याची पात. वाकायचं, दोन्ही हातांनी धाट धरायचं, हिसडा द्यायचा, माती झटकायची, आडवं टाकायचं आणि पुढं सरकायचं. जो मागं राहील त्याची थट्टा. आमच्या घरची रांग ठरलेली असायची. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला मी आणि मधे सोपान. मी लहान, माझा हिसडा पुरायचा नाही. मग तो स्वतःची पात ओढता ओढता माझे दोन तास हळूच उरकून टाकायचा आणि वर म्हणायचा, शांते, लई जोर हाय की तुझ्या हातात.

त्या वर्षी तो भाद्रपदात सुट्टीवर आला होता. पेरणीला चाड्यावर, म्हणजे पाभरीवर बी सोडायच्या वाटीवर, मूठ त्यानंच धरली. चाड्यावरची मूठ ढिली पडली की कुठं दाट, कुठं विरळ पेरा उगवतो आणि मग चार महिने सगळ्या गावाला पेरणाऱ्याचा हात दिसतो. त्याचा पेरा मात्र फणीनं विंचरल्यासारखा उगवायचा. पेरणी झाली न झाली तोच परत बोलावल्याचा कागद आला. निघताना शेजारची पारूकाकी दारात उभी होती, तोंडाळ बाई. म्हणाली, "लढाईवर निघालास का काढणी चुकवून पळतुयास?" सोपान पायताण घालत हसला. आईला म्हणाला, "काढणीला येतो बघ मी. माझी पात कुणाला दिऊ नगा. पारूकाकीला तर मुळीच न्हाय, अर्धी कणसं ती तितंच पाडती."

बस, एवढंच बोलणं. पन्नासावर वर्षं झाली, मी ते बोलणं धरून बसले आहे असं तुझा बाप म्हणतो. मी नाही गं धरून बसले. ते बोलणंच पुढं चालत आलं.

मार्गशीर्षात दाणा भरला. ओढ्याकाठच्या रानात आप्पांनी हुरडा भाजायला आगटी पेटवली होती, आप्पा म्हणजे माझे वडील. पोस्टमन सायकल बांधाला टेकवून आला, तेव्हा आईनं आधी त्याच्या हातात कणीस दिलं. पाहुणा आला की आधी खायला द्यायचं, बातमी नंतर. बिचारा ते कणीस हातात धरून उभा राहिला. मग त्यानं तार वाचली. सोपान सापडत नाही, एवढाच मजकूर होता. आप्पा बांधावर जाऊन बसले. आई उभीच होती. तिनं विचारलं, कुठं सापडत नाही? पोस्टमन म्हणाला, समुद्रात. आईनं पदर खोचला आणि आगटीवर माती लोटली.

दुसऱ्या दिवशी बायका गळ्यात पडायला आल्या. आईनं त्यांना चहा केला. पारूकाकीनं गळा काढला तसा आईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "उन्हाळ्यापतूर कुणी रडायचं न्हाय. पाणी खाली गेलं की गावंल त्यो."

अनू, तू हसशील. पण त्या क्षणी तिथं कुणीही हसलं नाही, कारण तिथल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. आमचं पाणी म्हणजे गावचं तळं. चैत्र लागला की ते मागं सरकायचं, वैशाखात तळ दिसायचा. तळ उघडा पडला की सगळं गाव उतरायचं. वर्षभर पाण्यात पडलेलं सगळं तिथं चिखलात बसलेलं असायचं. घागर, विळा, बैलाच्या गळ्यातली घंटा, एका वर्षी तर पाटलांची छत्री. ज्याचं त्यानं ओळखायचं आणि घेऊन जायचं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पाण्यानं घेतलेलं उन्हाळा परत देतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते दर वर्षी डोळ्यांनी बघत होतो. आईनं शाळेतल्या गुरुजींना विचारलं, समुद्राचं पाणी किती उतरतं? गुरुजी मंगळवेढ्याकडचे. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, उतरत असंल की, एवढं ऊन पडतं. मीही मान हलवली. मला तर खात्रीच होती. तो आपल्या वस्तूंसारखा बसलेला असेल, बुटाला चिखल लागलेला असेल आणि म्हणेल, लई उशीर केलासा.

काढणी आली. आई एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला, मधली पात तशीच उभी. पुढं पुढं सरकलो तशी आमच्या दोघींच्या मधे ज्वारीची भिंत झाली. पलीकडची आई मला दिसेना, तिच्या हिसड्याचा आवाज तेवढा यायचा. माझे तास उरकायला कोणी नव्हतं. तळहात फुटले. मी थांबले की भिंतीपलीकडनं आई थांबायची, मी ओढायला लागले की ती ओढायची. सगळं रान मोकळं झालं आणि मधोमध ती एक लांब पट्टी वाऱ्यात हलत राहिली. आमचा तालुका म्हणजे चाऱ्यासाठी जीव टाकणारा. आपली मेंढरं त्या कडब्याकडं बघून ओरडायची. आप्पा काठी आडवी धरून रोज कळप बाजूनं वळवून न्यायचे. त्यांनी आईला कधी विचारलं नाही की किती दिवस.

फाल्गुनात बार्शीकडचा एक जण आला. सोपानाच्या पलटणीतला, रामभाऊ. ती ट्रंक त्यानंच आणली. आम्ही रानात होतो म्हणून तो तसाच रानात आला. उभी पट्टी बघून त्यानं विचारलं, ही का ठेवली? आईनं सांगितलं. त्यानं टोपी काढली. मग बांधावर बसून त्यानं जे घडलं ते सांगितलं. मोठ्या जहाजातनं लहान नावेत उतरवलं, नाव वाळूच्या दांड्याला लागली, सगळ्यांना वाटलं किनारा आला. नावेचं तोंड उघडलं, उड्या मारल्या. पहिल्या पावलाला कमरेएवढं पाणी, पुढच्या पावलाला तळच नाही. पाठीवर ओझं, हातात बंदूक. "काकी, किनारा हितनं त्या बाभळीएवढा लांब होता," तो म्हणाला, "मी वळून बघितलं, न्हवता." गोळी लागली की पाण्यानंच नेला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, उन्हाळ्यात उतरंल पाणी.

रामभाऊनं तिच्याकडं बघितलं. त्यानं समुद्र पाहिला होता. गिळला होता म्हण. त्या सगळ्या रानात त्या एकट्यालाच खरं ठाऊक होतं. तो म्हणाला, "उतरंल काकी."

ह्या दोन शब्दांवरनं मी आयुष्यात खूप वेळा भांडले, मनातल्या मनात. खरं सांगितलं असतं तर? आईची एवढी वर्षं गेली नसती. तरुणपणी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, चोवीस वर्षांचं पोर, मित्र गमावून आलेलं, त्याला समोरच्या बाईचं तोंड दिसत होतं. मी तरी त्या जागी दुसरं काय बोलले असते? त्याचं ते खोटं मी माफ केलं आहे. माफ करणं हेही काम असतं, बसून होत नाही, करावं लागतं.

मग तो उन्हाळा आला. तळं आटलं, घागरी सापडल्या, सोपानाची काही खबर नाही. आई म्हणाली, तळ्यापेक्षा समुद्र खोल, त्याला जास्त वेळ लागंल. आणि पुढं तो मोठा दुष्काळ पडला, तुमच्या पुस्तकात असेल. विहिरीत खापरं दिसायला लागली. आम्ही सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो, आई, आप्पा, मीसुद्धा. त्या वर्षी पेरलंच नाही, म्हणून पातही नव्हती. सगळं गाव मान वर करून पाऊस मागत होतं. आई मान खाली घालून हातोडी मारायची. फार वर्षांनी तिनं मला सांगितलं. स्वयंपाक करत होती, भाकरी थापत थापत, माझ्याकडं न बघता. म्हणाली, "शांते, सगळी पाऊस मागत हुती. मी मनात म्हणायची, थांब जरा, अजून वाईच आटू दे. आपली मेंढरं मरत हुती आन् मी आसं म्हणत हुते." भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकला.  तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. एवढं ओझं ती किती वर्षं घेऊन वावरली होती, ते त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.

पाऊस आला, पुन्हा पेरण्या झाल्या. दर वर्षी मधली पात उभीच राहायची. पाखरं खायची, उरलं ते वाळून पडायचं. गावानं तिला नाव दिलं, सोपानाची पात. पारूकाकी येता-जाता तिच्याशी बोलायची. म्हणायची, "सोपाना, लई मागं राहिलास की रं." हसत म्हणायची आणि डोळे पुसत पुढं जायची.

माझं लग्न झालं, मी सोलापुरात आले. नवरा गिरणीत. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पण काढणीला मी माहेरी जायचेच. सासूबाई म्हणायच्या, शहरातली सून, हाताला घट्टे कशाला? मी म्हणायचे, घट्टे माहेरचे आहेत, राहू देत.

एका वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांनी कोकणची सहल काढली. मी आईला घेऊन गेले. तिनं साठी ओलांडली होती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली होती. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी लांबवर गेलेलं, वाळू ओली, चकचकीत. आईनं माझा दंड धरला. बोटं रुतली. म्हणाली, "बघ. उतरतंय का न्हाय?" आणि ती चालायला लागली, सरळ पाण्याच्या दिशेनं, खाली बघत, आमच्या तळ्यात उतरल्यावर बघायची तसं. मी मागनं गेले. काय करणार होते?

तिथं जाळं सावरत एक म्हातारा बसला होता. आईनं त्याला विचारलं, उन्हाळ्यात हे किती खाली जातं? त्यानं आधी तिचं लुगडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. सांगितलं, समुद्र आटत नाही आजी, आत्ता गेलाय तो संध्याकाळी परत येईल. रोज दोनदा जातो, दोनदा येतो.

आई वाळूत बसली. बाकीच्या बायका नारळपाणी पिऊन आल्या, फोटो काढून झाले, गाडीवाला हाका मारायला लागला. मी त्याला थांबवला. पाणी पुढं पुढं येत होतं. तिच्या पायापर्यंत आलं, लुगड्याचा काठ भिजला, तरी ती हलली नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"दिसातनं दोन डाव ह्यो हुडकतोय," ती म्हणाली. "त्याला न्हाय गावला. मला कसा गावंल?"

तिथं ती रडली. उन्हाळ्यापर्यंत रडायचं नाही म्हणाली होती, तो उन्हाळा तिला तिथं भेटला. गाडीतल्या बायकांनी तिला मधे बसवलं, एकीनं डोकं मांडीवर घेतलं. सांगोल्याचा फाटा आला तेव्हा ती उठून बसली, केस बांधले आणि मला म्हणाली, औंदा त्याची पात मी काढणार.

आणि काढली. आधी स्वतःची, मग त्याची. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मेंढरांना त्या वर्षी पहिल्यांदा तो कडबा मिळाला. त्या पातीच्या ज्वारीची पहिली भाकरी तिनं आप्पांच्या ताटात वाढली. मला तेव्हा वाटलं, वाट बघणं संपलं म्हणजे माणूस संपलं असं नसतं. पोरगं येणार नाही, हे तिनं मान्य केलं. त्याचं काम पडून राहील, हे मात्र तिनं मान्य केलं नाही. मी तिची लेक आहे.

आई गेल्यावर ती पात माझ्याकडं आली. जमिनीतला बहिणीचा हक्क सोडायच्या कागदावर मी सही केली तेव्हा तुझ्या आजोबाला एवढंच म्हणाले होते, दत्तू, मला काही नको, मधली पात माझी. तो म्हणाला, आक्का, ती कधी आमची होती? त्याच्या माघारीही मी दर वर्षी गेले. गुडघा दुखायला लागला तरी गेले. मागच्या वर्षी बसून, सरकत सरकत काढली, दोन दिवस लागले, तुझी आई मला ओरडली. आता गुडघा बदलून घेतलाय आणि डॉक्टरनं वाकायचं नाही म्हणून बजावलंय.

आता तुझ्या बापाचं सांगते. तो वाईट नाही. शेळ्या-मेंढ्या सांभाळून त्यानं डाळिंब उभं केलं, टँकरनं पाणी घालून झाडं जगवली, तुला शिकवलं. ओढ्याकाठचं रान तेवढं ज्वारीचं राहिलं होतं. यंदाची ज्वारी निघाली की तिथं डाळिंब लावायचं त्यानं ठरवलं आहे. काल रविवारी तो इथं आला, सोफ्यावर न बसता खाली माझ्या पायाशी बसला. पायाशी बसला की ओळखावं, काहीतरी मागायला आलाय. म्हणाला, आत्या, पात बांधाला घेऊ या, मधे राहिली तर ठिबकच्या नळ्या अडतात. मी म्हटलं, तो बांधाला नव्हता, मधे होता. तो म्हणाला, लोक हसतील. मी म्हटलं, पन्नास वर्षं हसून त्यांचं पोट भरलं नसेल तर हसू दे. चहा गार होईस्तोवर आमचं चाललं होतं. शेवटी त्यानं कपाळावरनं हात फिरवला.

"बरं," म्हणाला. "मधे ठेवतो. नळ्या वळवून घेतो. पर आत्या, काढणार कोण? मजूर मिळत न्हाईत, मशीन मधल्या पट्टीत जात न्हाय, आन् तू वाकायची न्हाईस."

मी माझ्या नव्या गुडघ्याकडं बघितलं.  जिंकूनही त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, अनूला सांगून बघतेस का? पोरगी तुझं ऐकते. म्हणजे बघ, ज्याची वकिली तू करत होतीस त्यानंच तुझं नाव सांगितलं.

तर आता ऐक. मला तुझ्याकडून श्रद्धा नको, डोळ्यातलं पाणी नको. सोपानाला तू पाहिलं नाहीस, माझ्यासाठी त्याच्यावर प्रेम कर असं मी म्हणणार नाही. मला तुझे दोन हात पाहिजेत, दोन दिवस. तळहाताला फोड येतील, येऊ देत. तेल-हळद माझ्याकडं आहे. हातमोजे आणायचे तर आण, मी हसेन, पण आण. धाट खालून धरायचं, मनगटानं नाही तर कमरेनं ओढायचं, हे मी बांधावर खुर्ची टाकून बसून तुला सांगणार. पहिल्या दिवशी तुझी अर्धी कणसं तुटून पडतील. कुणी काही म्हणणार नाही, मी सोडून.

आणि नाहीच जमलं तुला, तर मी डॉक्टरला न विचारता वाकणार आहे, हे तुझ्या बापाला सांगू नकोस.

फाल्गुन लागला की काढणी सुरू होईल. त्याच्या आधी एकदा नुसतीच ये, काम नको, चार दिवस माझ्याजवळ राहा, दोघी रानात जाऊन येऊ. दाणा अजून कोवळा आहे, रान डोक्याएवढं झालंय, मधे उभं राहिलं की आजूबाजूला काही दिसत नाही. ते तू एकदा उभं राहून बघावंस असं मला वाटतं. शनिवारची सकाळची गाडी धर. स्टँडवर मी येते, रिक्षा करून. लवकर ये, बाई.